हिरवा न होणारा चार्जर

चहा खाली ठेवा मंडळी, नाईतं हसता हसता अंगावर सांडान. फजिती माहीच हाये, म्हणून मीच सांगतो. सुनंदाच्या तोंडून ऐकाल तं ती अजून तिखटमीठ लावन.

सुनंदा म्हणजे माही बायको. आमच्या नाचणगावच्या महिला भजन मंडळात इतकी वर्षं मागं बसून टाळ वाजवे. यंदा आंजीच्या भजन स्पर्धेत तिले पह्यल्यांदा एकटीनं गायाचं होतं. मंडळाचा माइक बिनवायरचा, पेन्सिल सेलवर चालणारा. अन् ते सेल ऐन तालमीत मान टाकत.

"रिचार्जवाले सेल आणू," मी म्हटलं. "चार्जर मी निवडतो. तू फक्त गळा सांभाळ."

मले त्याच्यातलं काय समजते? काईच नाई. पण बायकोपुढं एकदा बोलून बसलो, आता मागं कसं येऊ?

पुलगावले राजूभाऊच्या दुकानात गेलो. त्यानं सेल देले, अन् एक साधा चार्जर देला. "लाल लाइट म्हणजे सेल भरून राह्यले. हिरवा झाला की काढजा. अन् खोकं फेकजा नका, खोक्याशिवाय माल वापस होत नाई."

बैठकीत कूलरचा एक्सटेंशन बोर्ड हाये. त्याच्यातच चार्जर खुपसला. संध्याकाळी पाह्यलं, लाल. रातच्याले सारे गच्चीवर झोपाले गेलो. उन्हाळ्यात आपल्या इकडं खाली कोण झोपते? सकाळी उतरलो, कूलर लावला, पाह्यलं, अजून लालच. दुसऱ्या दिवशीही तेच.

तालमीत माइक दोन भजनं चालला अन् गपगार.

मी खोकं घेऊन राजूभाऊकडं. "बदलून दे. तुह्या चार्जरले हिरवा लाइटच नाई."

"रातभर ठेवलता का, भाऊ?"

"रातभर. आम्ही गच्चीवर अन् हा खाली ड्युटीवर."

त्यानं बदलून देला. हा म्हणे जलदवाला. घरी आणला, तोही लाल. मी पुन्हा खोकं घेऊन गेलो, अन् या खेपेले गिऱ्हाइकांसमोर त्याले नाई नाई ते बोललो. बिचाऱ्यानं मुकाट्यानं दुकानातला सगळ्यात भारी चार्जर काढून देला.

स्पर्धेच्या दिवशी सकाळीही तो लालच होता. मी म्हटलं, जाऊ दे, भारी चार्जर हाये, सावकाश भरत असन. सेल काढले, माइकात टाकले अन् निघालो आंजीले.

सुनंदा उभी राह्यली. पह्यलं कडवं असं गायली की मांडव शांत झाला. दुसऱ्या कडव्याले माइक मेला. तिनं एक वेळ माह्याकडं पाह्यलं, माइक खाली ठेवला, अन् मोकळ्या गळ्यानं असं उचललं की मागच्या रांगेतली माणसं ताठ बसली. बक्षीस घेऊनच आली. मले रडूच आलं, खोटं काऊन बोलू?

पण राग काई जाईना. घरी येईस्तोवर मी राजूभाऊचा उद्धार करत होतो. "उद्या जातो अन् त्याचं दुकानच बंद करतो," म्हणत सेल पुन्हा चार्जरात टाकले अन् कूलरचं बटन दाबलं.

कूलर घरघरला. बाजूले चार्जरचा लाल लाइट लागला.

सुनंदानं पाह्यलं. तिनं बटन बंद केलं. दोन्ही बंद. चालू केलं. दोन्ही चालू.

"अवो, रातच्याले गच्चीवर येताना हे बटन कोण बंद करते?"

"मी."

"अन् सकाळी आपण दोघं ड्युटीवर जातो तवा?"

"मीच. रिकाम्या घरात कूलर कशाले पाह्यजे..."

म्हणजे चार्जर ड्युटीवर असे तो फक्त माह्या डोळ्यांदेखत. मी पाठ फिरवली की सुट्टी, अन् सुट्टी देणाराही मीच.

मले वाटलं आता बरसते. पण ती हसत हसत खुर्चीत बसली. "राजूभाऊले फोन लावा अन् माफी मागा. अन् माह्याकडून विचारा, नवरा बदलून भेटते का."

लावला फोन, काय करता? सारं कबूल केलं, तिचा निरोपही देला. राजूभाऊ म्हणे, "वहिनीले सांगा, खोक्याशिवाय माल वापस होत नाई."