चंद्रभानने न लिहिलेली ओळ

सिंदी मेघेत चंद्रभान निकोडेला कुणी नाव विचारलं, की तो आधी समोरच्याचंच विचारायचा. मग बापाचं, मग आईच्या माहेराचं. एवढं होईपर्यंत स्वतःचं सांगायचं राहूनच जायचं. पानठेल्यावरची मंडळी म्हणत, याला पोलिसात घ्यायला हवं होतं. त्याची बायको चतुराबाई म्हणे, "घेतला असता तर चोराच्या मामाकडं चहा पिऊन घरी आला असता."

ही खोड त्याच्या नोकरीत मुरलेली होती. वर्ध्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात तो रेकॉर्ड रूम सांभाळायचा. रोग्यांचे जुने केसपेपर, एका गावाचा एक गठ्ठा, खारव्याच्या जाड लाल कापडात बांधून फळीवर रचलेला. सव्वीस वर्षांत गठ्ठे छताला टेकले होते आणि चंद्रभानचं टक्कल चकाकायला लागलं होतं. डॉक्टर बदलले, नर्सा बदलल्या, चंद्रभान तिथंच. कुणी खिडकीशी आलं, की हा शिडीवर चढून दोन मिनिटांत कागद घेऊन उतरे आणि असा काही बघे, जणू विहिरीतून माणूस काढला.

पुरुषांचे कागद कोणीही शोधले असते. खरी मेख बायांची होती. इकडची मुलगी बोहल्यावर चढते एका नावानं आणि उतरते दुसऱ्यानं. नाव, मधलं नाव, आडनाव, गाव, सगळंच बदलतं. जुनं राहतं ते फक्त वय, आणि तेही ती सांगेल तेवढंच. लहानपणचा कागद माहेरच्या गठ्ठ्यात, पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून तेही तिथंच, दुसरं सासरच्या गठ्ठ्यात. एका बाईच्या अशा दोन बाया व्हायच्या. म्हणून चंद्रभान प्रत्येकीला खिडकीतून विचारी, "माहेर कोनतं व बाई? अन् तिथं तुले काय म्हनत?" मग दोन्ही कागद काढून दोऱ्यानं एकत्र बांधी.

लोकांना वाटे, हा चकाट्या पिटतो. त्याची हुशारी ती हीच, पण ती हुशारी आहे असं त्यानं कधी कुणाला कळू दिलं नाही.

त्या फळीवर सिंदी मेघेच्याच गठ्ठ्यात रंभाचा कागद होता. रंभा ही त्याच्या शेजारणीची, देवकाबाईची मुलगी. देवकाबाई नवऱ्यामागं भाजीची वाडी करून राहिली होती. रंभा चौदा वर्षांची असताना वाडीत विळा पायात घुसला, आणि चंद्रभाननंच तिला सायकलवर बसवून दवाखान्यात आणलं. पेनिसिलिनची सुई दिली आणि पोरगी त्याच्या डोळ्यांदेखत निळी पडली. डॉक्टरांनी छातीवर बसून तिला परत आणलं. चंद्रभाननं तिच्या कागदावर लाल शाईनं लिहिलं, "पेनिसिलिन देऊ नये. जिवाला धोका." पुढं रंभाचं लग्न झालं, समुद्रपूरकडं दिली. लग्नात चंद्रभान जिलेबी वाढत होता. तांदळात नवं नाव कोणतं लिहिलं, ते बँडच्या गलक्यात त्याच्या कानापर्यंत आलं नाही.

चौऱ्याऐंशी साली दवाखान्याच्या कमिटीला सुधारणा करायची लहर आली. सेक्रेटरी मनोहरराव नागपूरला कुठल्याशा मोठ्या इस्पितळात जाऊन आले होते. आल्यापासून ते 'सिस्टीम' हा शब्द सुपारीसारखा चघळत होते. नव्या सिस्टीमसाठी सभा भरली. कॉम्प्युटर विकणारा एक टायवाला नागपूरहून आला, लोखंडी ड्रॉवरच्या कपाटात कार्डं लावणारा दुसरा आला, आणि तिसरा आपला चंद्रभान, टोपी हातात घेऊन दाराशी उभा.

टायवाला म्हणाला, "कोणताही पेशंट दोन सेकंदांत."

"दोन सेकंदांत?" मनोहरराव म्हणाले. "मंग बाकीचा दिवसभर ते काय करते?"

कॉम्प्युटरला थंड हवेची खोली लागते, हे ऐकल्यावर मात्र कमिटीतल्या तीन जणांना तो एकदम आवडला. मशीनशेजारी बसून काम बघायची जबाबदारी कोणी घ्यायची, यावर तिथल्या तिथं थोडी धुसफूसही झाली. मोठे डॉक्टर, म्हणजे दवाखान्याचे प्रमुख, तेवढे गप्प होते. ते म्हणाले, "आधी आपल्या माणसाची परीक्षा घेऊ."

बाहेरच्या रांगेतून दहा बायका आणल्या. चंद्रभान एकेकीला विचारू लागला. माहेर कोणतं, तिथं काय म्हणत, भाऊ काय करतो. कमिटी हसायला लागली. मनोहरराव म्हणाले, "अरे, सोयरीक जमवून राह्यला का?" चंद्रभानही हसला. अर्ध्या तासात त्यानं दहापैकी नऊ कागद टेबलावर मांडले.

डॉक्टर खुर्चीतून उठले. "नऊ? चंद्रभान, कसं करतोस तू हे?"

उत्तर एका ओळीचं होतं. चंद्रभाननं ते दिलं नाही. इतकी माणसं इतकी वर्षं हसलेली, आज पहिल्यांदा कुणी उठून उभं राहिलं होतं. तो कानशिलावर बोट ठेवून म्हणाला, "आठवते, साहेब. सारं इथं हाय."

बोलून गेला आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. डॉक्टर म्हणाले, "आठवण काही विकत मिळत नाही. उद्या तू नसलास, तर?" कॉम्प्युटर झेपणारा नव्हता, कार्डांचं कपाट ठरलं. जाताना डॉक्टरांनी चंद्रभानच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझी पद्धत एका पानावर लिहून दे. कार्डं छापायच्या आधी मला हवी आहे. उद्या तू नसलास तरी काम अडायला नको."

चंद्रभान घरी आला तो हेच घोळवत. जेवताना चतुराबाईला म्हणाला, "मले मारून टाकून राह्यले ते."

"कोन?"

"तू नसलास तरी म्हन. दोनदा म्हनला."

"मंग? तू काय जलमभर पुरनार हायस का?"

त्यानं पान लिहिलं, सुवाच्य अक्षरात. तालुका, गाव, फळी, गठ्ठ्याची गाठ कशी मारायची, खारवा किती वर्षांनी बदलायचा. उंदरांसाठी डांबराच्या गोळ्या कुठं ठेवायच्या, तेसुद्धा लिहिलं. माहेर विचारायची ओळ तेवढी लिहिली नाही. पेन दोनदा तिथं येऊन थांबलं. मनात हिशेब साधा होता. कपाट येईल, बायांचे कागद सापडायचे नाहीत, आठ दिवसांत सगळे खिडकीशी येतील आणि म्हणतील, चंद्रभान, चल रे बाबा.

डॉक्टरांनी ते पान फाइलला लावलं आणि कार्डं छापली. फळीवरच्या प्रत्येक कागदाचं एक कार्ड, त्यावर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, वय, नंबर. माहेरचा रकाना कुणाला सुचणार? सुचायचा ज्याला, तो डांबराच्या गोळ्यांवर थांबला होता.

कपाटाबरोबर नियमही आला. दाखल करून घेणाऱ्या खिडकीवरून चिठ्ठी येईल, रेकॉर्डवाल्यानं ड्रॉवर बघून चिठ्ठीवर उत्तर लिहावं, वॉर्डात किंवा खिडकीशी जाऊन रोग्यांशी बोलू नये. हे शेवटचं मनोहररावांचं. चंद्रभाननं नियम पाळायचा असा पाळला, की नव्या सुनेनं काय पाळावा. चिठ्ठी आली की ड्रॉवर ओढायचा. कार्ड असलं तर नंबर, नसलं तर "जुना कागद नाही". तोंडातून चकार शब्द नाही.

आठ दिवस गेले, आठ महिने गेले. कोणी बोलवायला आलं नाही. कागद सापडत नव्हते, पण त्यानं कुणाचं काही अडतही नव्हतं. नवीन कार्ड निघायचं, काम पुढं चालायचं. ते बघून चंद्रभान आतून जास्तच कडवट झाला.

पुढच्या वर्षी श्रावणात, सकाळी अकराच्या सुमाराला एक चिठ्ठी आली. कोकिळा हरिदास बनकर, वय तेवीस, गाव गिरड.

त्यानं ड्रॉवर ओढला. कोकिळा बऱ्याच होत्या, गिरडची एकही नव्हती. समुद्रपूरकडचं गिरड हे नाव कुठंतरी टोचलं. तिकडं आपल्यातलं कोण दिलंय? उठून खिडकीशी गेला असता, तर दहा पावलं होती. विचारायचं नाही असा नियम हाय ना, तो मनाशी म्हणाला, मंग बसा. आणि त्यानं चिठ्ठीवर लिहिलं, "जुना कागद नाही."

बाई तापानं बेशुद्ध होती. निंदताना पायाला झालेली जखम चिघळून पाय मांडीपर्यंत सुजला होता. वॉर्डातल्या डॉक्टरनं नवऱ्याला विचारलं, "पूर्वी कधी कुठल्या सुईचा त्रास?" हरिदास म्हणाला, "नाई साहेब. बायको धडधाकट हाय माही." डॉक्टरनं चिठ्ठी बघितली, आणि रीतीप्रमाणे आधी कातडीखाली पेनिसिलिनचा एक थेंब घातला, परीक्षेपुरता.

त्याच वेळी रेकॉर्ड रूमच्या दारात देवकाबाई आली. कुणीतरी वाडीत निरोप दिला होता. पदराला अजून मेथीची माती होती.

"भाऊजी, माह्या रंभीले आनलं म्हनते इथं. कोठं ठेवलं तिले?"

"रंभी?" चंद्रभान म्हणाला. "रंभी कोठची? नाई आली."

"गिरडहून आनलं म्हने. हरिदासनं."

चंद्रभान शिडीवर चढला तो पायऱ्या न मोजता. गठ्ठ्याची गाठ त्यानं दातांनी तोडली. कागद पाचवा होता. लाल शाई जराही फिकी झाली नव्हती. तो कागद घेऊन बावन्न वर्षांचा माणूस वॉर्डाकडं धावला. हा टकल्या कसला पळतोय म्हणून व्हरांड्यातले लोक हसले.

वॉर्डात त्या एका थेंबानंच रंभा निळी पडली होती, आणि डॉक्टर तिच्या छातीवर दोन्ही हात टेकून जोर देत होता. मागच्या वेळेसारखंच, पण या वेळी ती परत आली नाही. चंद्रभान कागद पुढं धरून उभा राहिला. थोड्या वेळानं डॉक्टरनं तो घेतला, वाचला, मग खिशातून चिठ्ठी काढून शेजारी धरली. दोन्हींवर अक्षर एकच होतं.

चौकशी झाली ती पंधरा मिनिटांची. मनोहरराव म्हणाले, पद्धतीतली त्रुटी, कुणा एकाचा दोष नाही. चंद्रभान उभा राहिला. म्हणाला, "त्रुटी नाई साहेब. मले ठावूक होतं. माहेर विचारा लागते, हे मी लिवलं नाई. जानून."

मोठे डॉक्टर त्याच्याकडं बघत होते. मनोहररावांनी घसा खाकरला. "मनाले लावून घेऊ नको. चांगली सूचना हाय तुही." आणि त्यांनी इतिवृत्तात लिहून घेतलं, की श्री. निकोडे यांच्या सूचनेवरून कार्डावर माहेरचं नाव व गाव असा रकाना वाढवण्यात येत आहे, त्याबद्दल कमिटी त्यांची आभारी आहे. मोठ्या डॉक्टरांनी मात्र त्या दिवसानंतर चंद्रभानशी कामापलीकडं शब्द काढला नाही.

तेराव्यानंतर तो देवकाबाईच्या वाडीत गेला. ती वांगी तोडत होती. बांधावर उभं राहूनच त्यानं सगळं सांगितलं. पान, ओळ, चिठ्ठी, दहा पावलं. तिनं हात थांबवला नाही. सांगून संपल्यावर म्हणाली, "कागद आनला का?"

त्यानं खिशातून काढला.

"वाच."

त्यानं वाचला. ती म्हणाली, "अजून येक डाव." त्यानं पुन्हा वाचला.

मग ती मातीतच बसली. "लग्नाच्या आदल्या दिशी मीच तिले सांगतलं. सासरी बोलू नको म्हनलं, रोगी पोरगी देल्ली म्हनतीन. नाई बोलली मंग. चार वर्सं नाई बोलली." पदरानं हात पुसून ती म्हणाली, "ते लोक म्हनून राह्यले का दवाखान्यानं मारली. त्यायले खरं काय ते सांगून येजा भाऊजी. मी नाई जाऊ शकत."

आठ दिवसांनी चंद्रभान गिरडला उतरला. हरिदास शेतात होता. ओसरीवर त्याची आई डाळ निवडत बसलेली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून चंद्रभाननं तिसऱ्यांदा वाचलं आणि आपण काय केलं तेही सांगितलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. सुपातला हात काढला.

"चवदा वर्साची असतानी झालतं हे?"

"हाव."

"म्हंजे तिच्या मायले ठावूक होतं."

चंद्रभाननं कागदाची घडी घातली.

"मंग आमाले काऊन नाई सांगतलं? आमी काय तिले टाकून देल्ली असती? देवकाबाईनं लपवलं ना आमच्यापासून?"

एवढ्या लांबून आलेला माणूस. "हाव" म्हणाला असता तर निम्मं ओझं तिथंच ओसरीवर उतरलं असतं, आणि ते खोटंही झालं नसतं.

"त्यायनं लिवून ठेवाले मले देल्लं होतं," तो म्हणाला. "सांगाचं काम माहं होतं."

म्हातारीनं पाणी दिलं नाही, जा म्हटलं नाही, सूप पुढं ओढून पुन्हा डाळ निवडायला लागली. चंद्रभान टोपी घालून उठला आणि एस.टी.च्या फाट्याकडं चालू लागला.