मुसळीचे अठ्ठावीस कागद

आमच्या विभागातल्या लोखंडी कपाटात, खालून दुसऱ्या खणात, पांढऱ्या मुसळीचे अठ्ठावीस कागद आहेत. सगळे एकाच दिवशी, एकाच जागेवरून आणलेले. विभागाला एक पुरतो, फार तर दोन. अठ्ठावीस कशाला, हे आजवर कोणी विचारलेलं नाही. त्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते, हे त्याचं एक कारण असेल.

मी यवतमाळच्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. एमएस्सीच्या मुलांना दर पावसाळ्यात तीन दिवस रानात न्यायचं, झाडं ओळखायला शिकवायची, नमुने गोळा करायचे, वाळवायचे, कागदावर चिकटवायचे, असा तो कार्यक्रम. मला तो आवडतो. गाडी वेळेवर निघाली पाहिजे, डबे पुरले पाहिजेत, विंचू कोणाला चावता कामा नये. बाकी रानात निवांत असतं.

पांढरकवड्याच्या पुढे हायवेवरचे ट्रक मागे टाकून आत वळलं की अर्ध्या तासावर कोलाम आदिवासींचं एक पोड लागतं. पोड म्हणजे त्यांची वस्ती, पंधरा-वीस घरांची. तिथल्या एक आजी आम्हाला झाडं दाखवायच्या. सहा वर्षं आमचं असं ठरलेलं होतं: आजी काठी घेऊन पुढे चालायच्या आणि झाडाचं त्यांच्यातलं नाव सांगायच्या, मी लॅटिन नाव सांगायचे, मुलं दोन्ही लिहून घ्यायची. लॅटिन नाव ऐकलं की आजींना हसू यायचं.

"एवढ्याशा झाडाले एवढं मोठं नाव? हाक मारू मारू त पळून जाईन ते."

ते अठ्ठावीस कागद झाले त्या वर्षी मी रानात गेले ती एक सल मनात घेऊन. आदल्या परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मुलांचे कागद उलटेपालटे करून म्हटलं होतं, "मॅडम, निम्म्या नमुन्यांना मूळच नाही. गवत कापून आणल्यासारखं वाटतं." गुण मुलांचे गेले, पण ते वाक्य मला लागलं. म्हणून या खेपेला सूचनापत्रकात मी स्वतः ठळक अक्षरात टाइप केलं: प्रत्येकाने स्वतःचा पूर्ण नमुना आणावा. मूळ, खोड, पान, फूल, फळ. जमिनीखालचा भाग नसल्यास गुण मिळणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी आम्हाला पोडाच्या मागच्या उतारावर घेऊन गेल्या. ही जागा त्यांनी आधी कधी दाखवली नव्हती. साग आणि धावड्याच्या सावलीत, दोन बाजा मावतील एवढ्या तुकड्यात पांढरी मुसळी दाटून आली होती. वरची काही पांढरी फुलं शिल्लक होती, खाली हिरवी बोंडं धरली होती.

"हे मी कोणाले दाखवत नाई," आजी म्हणाल्या. "तुमी सहा साल येऊन राह्यले म्हणून."

मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. बी खाली पडायचं, पानं वाळून जायची, दिवाळी होऊन जायची, तोवर इथे हात लावायचा नाही. मग खणायचं. तेही मुळांच्या झुबक्यातली निम्मीच कांडी घ्यायची, बाकीची डोळ्यासकट, म्हणजे कोंब फुटतो त्या टोकासकट, परत मातीत ठेवायची. पोडातली जी बाई बाळंत होईल तिला ती दुधात शिजवून द्यायची, अंगावर दूध येण्यासाठी. यंदा ती त्यांच्या सुनेसाठी होती. सुनेला सातवा महिना होता. सकाळी आम्ही आलो तेव्हा ती अंगणात तांदूळ निवडत बसलेली आम्ही पाहिली होती.

मागे दोघं-तिघं मुलं खुसुखुसु हसायला लागली.

"मॅडम, याची तर एसटी स्टँडच्या भिंतीवर जाहिरात असते."

"ताकदीची!" दुसरा म्हणाला.

"काहून हसून राह्यले व हे?" आजींनी विचारलं.

"काही नाही आजी, येडे आहेत," एक मुलगी म्हणाली. तिच्या वडलांचं शेत या पोडाला लागूनच होतं. लहानपणापासून इथल्या पोरींबरोबर खेळल्यामुळे तिला कोलामी चांगली समजायची.

"हसू दे. यायच्या मायनं बी खाल्ली असन," आजी म्हणाल्या. "तुमी पाहा, लिवा. मी चहा ठेवतो सगळ्यायसाठी." आणि त्या काठी टेकत उतरून घराकडे गेल्या.

मी घड्याळ पाहिलं. आभाळ भरून येत होतं आणि पावसाआधी ओढ्याकाठची झाडं करायची होती. मी रोपं मोजली. तीसेक भरली. आम्ही अठ्ठावीस जण होतो. माझं डोकं असंच चालतं, संख्या जुळली की पुढे.

"चला," मी म्हटलं, "एकेक घ्या. मुळासकट."

ती मुलगी जागची हलली नाही. "मॅडम, आजींनी सांगितलं ना आत्ताच..."

"एकेकच घेणार आहोत."

"आपण अठ्ठावीस आहोत, मॅडम."

"तुला जर्नल पूर्ण करायचंय की नाही?"

ती खाली बसली आणि खणायला लागली.

माझं लक्ष नव्हतं, मला समजलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. आजी मराठीतच बोलल्या होत्या आणि मी ऐकलं होतं. मनात आलं ते एवढंच, की मुसळी काही फक्त इथेच येत नाही, रानात आणखी असेल. म्हातारी माणसं असं सांगतातच. आणि मुसळीने दूध खरंच वाढतं की नाही, हाही एक प्रश्न मी त्या वेळी स्वतःला विचारून घेतला. जणू माझं मत घेऊन पोडातल्या बाया बाळंत होणार होत्या.

मुसळीची कांडी जाड असतात. तशीच दाबली तर कागदाला बुरशी धरते. म्हणून ती ब्लेडने उभी चिरायची आणि कापलेली बाजू कागदाकडे ठेवायची. पहिलं झाड मी चिरून दाखवलं. सरळ, डोळ्यातून खालपर्यंत. मुलांनीही छान केलं. अर्ध्या तासात अठ्ठावीस झाडं जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून नमुने दाबायच्या लाकडी प्रेसमध्ये गेली. काम स्वच्छ झालं म्हणून मी मुलांना शाबासकी दिली.

आजी चहाला बोलवायला वर आल्या आणि उभ्या राहिल्या.

"खांदलं?"

त्या खाली बसल्या. एका खड्ड्यात हात घातला, मग शेजारच्यात.

"सगळे?"

"दोन-चार ठेवलीत, आजी," मी म्हटलं.

"बी पडलं नोतं अजून." मग त्या लगेच उठल्या. "आना इकडं. ओल आहे, आत्ताच लावून टाकू. धरन."

मला सांगावं लागलं की ती चिरली आहेत. त्यांचा विश्वास बसला नाही. प्रेसचा पट्टा मला सोडायला लावून त्यांनी एक वर्तमानपत्र स्वतः उघडलं. पांढरी, कोवळी कांडी मधोमध फाकलेली होती.

"कापले काहून?"

"कागदावर चपटं बसावं म्हणून."

वर्गात हे वाक्य मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे. तिथे, त्या खड्ड्यांपाशीही मी तेच बोलले.

आजींनी वर्तमानपत्र होतं तसं घडी घालून दिलं. "कच्चे आहेत. हे खायले बी नाई, लावाले बी नाई." मग म्हणाल्या, "चला. चहा थंडा होऊन राह्यला."

अंगणात सून उभी होती. आजी तिच्याशी कोलामीत एक वाक्य बोलल्या, सुनेने मान हलवली. कप सहाच होते, म्हणून मुलं पाळीपाळीने चहा प्यायली. मीही प्यायले. त्या मुलीने घेतला नाही. गाडीत मी तिला विचारलं, आजी सुनेला काय म्हणाल्या.

"म्हणाल्या, तुझ्या बाळंतपणाचं आता दुसरं काही पाहू."

परीक्षा उत्तम झाली. परीक्षक म्हणाले, "वा मॅडम, या वर्षी मुळं आहेत!" कागदाच्या कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर एक रकाना असतो, विपुलता, म्हणजे हे झाड त्या जागी किती आहे. सगळ्यांना मी 'भरपूर' असं सांगितलं होतं. शेजारी मोबाइलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश आहेत, अगदी अचूक. ते पाहून कोणी तिथे गेलं तर बरोबर त्याच उतारावर पोचेल, आणि तिथे काही नसेल. त्या मुलीने विपुलतेचा रकाना कोरा ठेवला होता. मी तिचा अर्धा गुण कापला. तेव्हाही कापला.

दिवाळीनंतर मी एकटी पोडावर गेले. बरोबर दुकानातून घेतलेली मुसळी होती, शेतात पिकवलेली, मोठं पाकीट. सुनेला मुलगी झाली होती. बाळ-बाळंतीण बऱ्या होत्या, पण दूध कमी पडत होतं आणि आजी तिला बाजरीची पेज पाजत होत्या. दूध मुसळी नसल्यामुळे कमी होतं असं मी म्हणणार नाही, आणि तसं नव्हतं असंही म्हणणार नाही. आजींनी पाकीट उघडून वास घेतला.

"थोडी हिला द्या," मी म्हटलं, "आणि थोडी वर लावून टाका."

आजींनी एक कांडं बोटात धरून मला दाखवलं. सोललेलं, खडखडीत वाळलेलं, डोळ्याशिवायचं.

"हे उगवन कसं? मास्तरीन आहे न व तू?"

वनस्पतीशास्त्र शिकवायला लागून तेव्हा मला बावीस वर्षं झाली होती.

पुढच्या वर्षी मी सूचनापत्रक बदललं. एका गटाला एक नमुना, बाकीच्यांनी फोटो लावायचे. जमिनीखालचा भाग गावकऱ्यांना विचारल्याशिवाय काढायचा नाही. परीक्षकांना फोन केला. ते म्हणाले, "काही हरकत नाही मॅडम, तुम्ही म्हणाल तसं." दोन मिनिटं लागली. हा फोन आदल्या वर्षीही करता आला असता. सगळ्यात जास्त तेच टोचतं.

मुलांना मात्र त्या बाजूला नेलं नाही. दोन वर्षं दुसरीकडे नेलं आणि विभागात सांगितलं की तिकडचा रस्ता खराब झालाय. रस्ता चांगला होता.

यंदा श्रावणात त्या मुलीचाच फोन आला. ती आता पांढरकवड्याला ज्युनिअर कॉलेजात शिकवते. "मॅडम, आजी विचारत होत्या, मास्तरीन मेली का काय." मग आम्ही दोघी गेलो. मुलांना पुन्हा आणू का, एवढं विचारायचं होतं.

आजींनी चुलीवर चहा ठेवला. नात उंबऱ्यात बसून माझ्याकडे एकटक पाहत होती. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, "आजी, वर त्या जागेवर काही आलं का परत?"

आजींनी काठी घेतली आणि त्या मुलीला म्हणाल्या, "चाल व पोरी, तुले दाखवतो." मीही उठायला लागले.

"तू बस. चहा ऊतू जाईन."

मी बसले. दोघी घरामागे गेल्या. चहा वर आला, मी सांडशीने भांडं उतरवलं, थोडं थांबून परत ठेवलं. असं दोनदा केलं. त्या लवकर आल्या नाहीत. आल्या तेव्हा त्या मुलीच्या सलवारीला गुडघ्यापर्यंत कुसळं लागलेली होती. हात स्वच्छ होते. ती माझ्याकडे न पाहता कुसळं काढत बसली. किती आहेत, आहेत की नाहीत, मी विचारलं नाही. परतीच्या वाटेवरही नाही.

मी चहा गाळला. आजींनी बशीत ओतून एक घोट घेतला.

"पोरं आनजो," त्या म्हणाल्या. "कुदळ गाडीतच ठेवजो."

"बरं," मी म्हटलं, आणि चहा झाल्यावर कप धुवायला उठले.