अकोल्याची चिठ्ठी

मायच्या डोळ्यांचं दुखणं सुरू झालं तेव्हा तिला दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची. बाबा तिला वलगावहून अमरावतीला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी डोळ्यांत घालायचे थेंब दिले. पण मायच्या मनात अकोल्याचा डोळ्यांचा डॉक्टर भरला होता. गावातल्या एका म्हातारीचा डोळा त्यानं वाचवला होता. तो मात्र दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी असल्याशिवाय कोणाला तपासत नसे.

चिठ्ठी मागायची म्हणजे नुसतं तोंड उघडायचं. तेवढंच बाबांना जमलं नाही. अमरावतीच्या या डॉक्टरांनी माझ्या भावाला विषमज्वरातून उठवलं होतं. तेव्हापासून आमच्या मळ्यातला पहिला वानवळा त्यांच्या घरी जायचा, मग वांगी असोत की मेथी. "ज्याच्या घरी आपला वानवळा जाते, त्याले कसं म्हणू का आता तुमच्या औषधावर भरोसा नाही?" असं बाबा म्हणायचे. दर पंधरा दिवसांनी, आज विचारतोच म्हणून टोपली घेऊन निघायचे आणि थेंबांची बाटली घेऊन परत यायचे.

"इचारलं?" माय म्हणायची.

"डॉक्टर घाईत होते."

भीड भिकेची बहीण म्हणतात. आमच्या घरी तर ती पाट मांडून जेवायला बसली होती.

दिवाळीला मी सासरहून आले, तर माय वाढताना भाजी ताटाबाहेर सांडत होती. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी बाबांसोबत मी अमरावतीला गेले आणि त्यांनी टोपली खाली ठेवायच्या आत मीच चिठ्ठी मागितली. बाबा जमिनीकडे पाहत उभे राहिले.

डॉक्टरांनी लगेच कागद ओढला. लिहिता लिहिता म्हणाले, "अकोल्याला दाखवावं, असं मलाच कधीचं वाटत होतं. पण तुम्ही इतक्या विश्वासानं येता. म्हटलं, मी टाळतोय असं वाटेल तुम्हाला."

दोन भली माणसं एकमेकांचं मन जपत बसली होती, आणि तिकडे मायची नजर जात होती. कोणावर ओरडावं तेच मला कळेना.

अकोल्याला आम्ही तिघं आगगाडीनं गेलो. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी वाचून दोन्ही डोळे बराच वेळ तपासले. डावा गेला होता. उजव्याचं ऑपरेशन करू, पण गेलेलं परत यायचं नाही, उरलंय तेवढं टिकलं तरी पुष्कळ, असं त्यांनी सरळच सांगितलं. मग बाबांना विचारलं, "इतके दिवस का थांबलात?"

तेवढ्यात मायच बोलली. "हे तं रोज म्हणत होते, चाल म्हणून. मलेच भेव लागे. मीच आली नाही."

मला तिच्या त्या खोट्याचा भयंकर राग आला. अजूनही येतो. बाबा बाकावर तिच्या शेजारी बसले आणि धोतराच्या सोग्यात तोंड खुपसून आवाज न करता रडू लागले.

थोड्या वेळानं मायनं मला विचारलं, "तुये बाबा बाहेर गेले काय?"

ते तिच्या डाव्या बाजूला बसले होते.