मशीन नको, मोल्ड द्या

“मशीन पोदुम, बाई. पुरे झाली आता,” असं म्हणत सुंदराबाईंनी कपाट उघडलं. आत श्रवणयंत्रांचे खोके रचलेले होते. कित्येक तर फोडलेही नव्हते.

आठवड्यावर आमच्या शाळेचा ॲन्युअल डे होता. त्यात पाहुण्यांच्या हस्ते सुंदराबाईंच्या कर्णबधिर शाळेतल्या मुलांना अशीच यंत्रं द्यायची होती. आमच्या सर्व्हिस क्लबने वर्षभर त्याच्यासाठी फंडरेझिंग केलं होतं. मुलांनी नवरात्रात सुंडल, म्हणजे फोडणीचे उकडलेले हरभरे, विकले, पोंगलला रांगोळीचे रंग विकले, अण्णा नगरातल्या बिल्डिंगा पालथ्या घालून रद्दी गोळा केली. मी त्या क्लबची टीचर को-ऑर्डिनेटर. एरवी अकरावीला अकाउंट्स शिकवते. नवऱ्याच्या बदलीमुळे नागपूरहून चेन्नईला आले आणि इथेच रुजले.

सुंदराबाई त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. तंजावूरकडच्या मराठी. भाषा जुन्या वळणाची, हेल तमिळ आणि बोलणं एक घाव दोन तुकडे.

“मग मुलं यंत्रं घालत का नाहीत?” माझ्याबरोबर आलेल्या नित्याने तमिळमध्ये विचारलं. ती माझी विद्यार्थिनी आणि क्लबची प्रेसिडेंट.

सुंदराबाई वर्गातून सेल्वीला घेऊन आल्या. आठ वर्षांची, दोन वेण्या, चेहरा खट्याळ. बाईंनी तिच्या कानात यंत्र बसवलं आणि त्यातून बारीक शिट्टी सुरू झाली. सेल्वीने ते उपटून कंपासपेटीत टाकलं.

यंत्राचा आवाज कानात पोचवणारा एक तुकडा कानाच्या पोकळीत बसतो. त्याला मोल्ड म्हणतात. प्रत्येक कानाचा साचा घेऊन तो वेगळा बनवावा लागतो. मोठ्यांना एकच मोल्ड बराच काळ पुरतो. मुलांचा कान मात्र वाढत असतो. मोल्ड ढिला झाला की आवाज बाहेर गळतो, यंत्र शिट्ट्या मारतं आणि बसमधली माणसं वळून बघतात. मग मूल यंत्र घालायचंच सोडून देतं.

“मशीन सगळे देतात,” सुंदराबाई म्हणाल्या. “मोल्ड एवढासा. फोटोत दिसत नाही. कोण देणार?”

सेल्वीची घराजवळच्या साध्या शाळेत प्रवेशासाठी चाचणी होती, तीही त्याच महिन्यात. ऐकू आलं तर ती शेजारच्या मुलींबरोबर शाळेत जाणार होती. नाही तर इथेच, रोज बस बदलत. तिची आई गिंडीच्या एका कारखान्यात कामाला. सकाळी मुलीला पोचवून कामावर जाताना तिची रोजची तारांबळ.

परतताना नित्या म्हणाली, “मिस, यंत्रांची ऑर्डर कॅन्सल करू या. त्या पैशांत मोल्ड करून देऊ.”

“आणि करस्पाँडंटना कोण सांगणार?” इकडच्या खासगी शाळांत व्यवस्थापनाच्या प्रमुखाला करस्पाँडंट म्हणतात. प्रिन्सिपलसुद्धा त्यांच्यापुढे उभ्याने बोलतात.

“तुम्ही,” ती म्हणाली. “मी बरोबर येते.”

करस्पाँडंट सरांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. “मॅडम, पाहुणे स्टेजवर काय देणार? रबराचे तुकडे?”

“स्टेजवर देता येणार नाहीत, सर. क्लिनिकमध्ये कानात बसवून बघावे लागतात.”

“इन्व्हिटेशन छापून झालंय!”

नित्या मध्येच बोलली. “सर, मुलांना ऐकू यावं म्हणून आम्ही लोकांकडे पैसे मागितले. कपाट भरायला नाही.”

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. “ठीक आहे. पैसे तुमचे, स्टेज माझं. ॲन्युअल डेला तुमचा कार्यक्रम नाही.”

क्लबची मुलं भडकली. नाटिका बसवून झाली होती, घरच्यांना बोलावलं होतं. “रद्दी आम्ही उचलली, निर्णय तुम्ही दोघींनी घेतला,” एकाने तोंडावर सुनावलं. बरोबरच होतं. मी सगळ्यांना साचे घ्यायच्या दिवशी सुंदराबाईंच्या शाळेत नेलं. टेक्निशियन मुलांच्या कानात मऊ लगदा भरत होता आणि गुदगुल्या होऊन मुलं खिदळत होती. सेल्वीचं यंत्र कसं शिट्ट्या मारतं ते आमच्या मुलांनी स्वतः ऐकलं. परतीच्या व्हॅनमध्ये भांडण कमी झालं, संपलं नाही.

पुढे लॅबने घोळ घातला. फोन केला की “नाळैक्कु”, म्हणजे उद्या. रोजचाच उद्या. चाचणी जवळ येत होती. मला जेवण गोड लागेना, वर्गात डेबिटच्या जागी क्रेडिट लिहून बसायचे. घरी नवरा म्हणाला, “परीक्षा तुझी आहे का?” मी त्याच्यावरच डाफरले. मोल्ड आले ते चाचणीच्या आदल्या दिवशी.

चाचणीच्या वेळी मला सुपरव्हिजन होतं. हॉलमध्ये फोन चालत नाही. मी बाकांमधून येरझारा घालत होते. “मिस, प्लीज बसा,” शेवटी एक मुलगा म्हणाला. बाहेर पडताच सुंदराबाईंना फोन लावला.

त्यांनी सगळं सांगितलं. चाचणी घेणाऱ्या बाई मुद्दाम सेल्वीच्या पाठीमागे उभ्या राहिल्या होत्या, ओठ वाचता येऊ नयेत म्हणून. त्यांनी वडिलांचं नाव विचारलं. सेल्वी गप्प. पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. सुंदराबाईंनी देव आठवले. तेवढ्यात सेल्वी गर्रकन वळली आणि म्हणाली, “समोर येऊन विचारा ना! पाठीमागून बोलू नये, आई सांगते.”

“घेतलं तिला,” सुंदराबाई म्हणाल्या. मी तिथेच, जिन्याच्या पायरीवर बसून रडले.

ॲन्युअल डे आमच्याविना छान पार पडला. कुणाचं काही अडलं नाही. देणाऱ्याने सगळ्यात आधी ‘तुम्हाला काय हवंय?’ एवढंच विचारायचं असतं. आम्ही ते वर्षाच्या शेवटी विचारलं.