बाबांना वाचून दाखवलेले सिनेमे

हे मी आजवर कोणापाशी बोलले नाही. विन्सीकाकांपाशी तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते खरं तर त्यांनाच.

मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत बाबांची एकच चैन होती. जुने युरोपियन सिनेमे. पोलिश, स्वीडिश, इटालियन — काळे-पांढरे, संथ. तरुणपणी त्यांना हा नाद लावला वाकोल्याच्या विन्सीकाकांनी, त्यांच्या सगळ्यात जुन्या मित्राने. रिटायर झाल्यावर बाबांनी कपाटभर डीव्हीडी जमवल्या. मग काचबिंदूने डोळे गेले. टीव्हीवर नुसता उजेड-अंधार कळायचा.

म्हणून रविवारी दुपारी मी त्यांच्याजवळ बसून सबटायटल मराठीत वाचून दाखवायचे. पडद्यावर कोणी बोलत नसलं की ते विचारत, "आता काय दिसतंय?"

"काही नाही. खिडकी."

"कशी खिडकी?"

सुरुवातीला मलाही मजा यायची, खोटं कशाला बोलू? पण आठवडाभर बँकेत मान मोडून काम करायचं, आणि एकुलती एक सुट्टी त्या खिडक्यांत घालवायची — कंटाळा येऊ लागला. मी चार वाक्यांचं एक करू लागले. मग अख्खे प्रसंगच पुढे पळवू लागले. त्यांना कुठे दिसत होतं?

एकदा विन्सीकाकांनी एक पोलिश सिनेमा आणून दिला. बाबांचा पाहायचा राहून गेलेला. एक विधवा गाव सोडायचं म्हणून रोज धक्क्यावर जाते आणि परत येते. रोज. माझ्याच्याने बघवेना. बराच बाकी असताना मी म्हटलं, "चढली बाबा ती बोटीत. गेली निघून. संपला." आणि बंद केला.

बाबा म्हणाले, "सुटली बिचारी."

पुढच्या रविवारी काका आले. बाबा त्या बाईच्या सुटण्याबद्दल भरभरून बोलत होते. काका हसायला लागले. "कुठे रे सुटते? बोट जाते, ती धक्क्यावरच राहते. तोच तर सगळा सिनेमा."

बाबांनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. "काय गं? चढली म्हणालीस ना तू?"

काय झालं असतं कबूल केलं असतं तर? संध्याकाळपर्यंत रागावले असते. फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत. पण काकांसमोर — नको वाटलं. कपबश्या उचलता उचलता मी म्हटलं, "नाही बाबा. राहिली असंच सांगितलं होतं मी. विसरलात तुम्ही."

इतकं सहज.

"असेल," बाबा म्हणाले.

त्या दिवसापासून ते स्वतःला तपासू लागले. एकच गोष्ट दोनदा विचारायची, मग विचारली म्हणून ओशाळायचं. डॉक्टर म्हणाले, स्मरणशक्ती उत्तम आहे. बाबांना वाटलं, डॉक्टर मन राखतायत. मला ठाऊक होतं, डॉक्टर खरं बोलतायत — तरी मी गप्प. सिनेमे त्यांनी आपणहून बंद केले. "लक्षात राहत नाही, तुझा वेळ कशाला फुकट?" आणि मला — हेही सांगून टाकते — बरं वाटलं. रविवार मोकळा झाला.

काकांचा फोन आला की ते मला हळूच म्हणायचे, "झोपलेत म्हणून सांग." काहीतरी चुकीचं बोलून जाऊ, ही धास्ती. पुढे पुढे तर जेवायला बसल्यावर विचारत, "मला कारलं आवडतं का गं?"

आवडायचं. मी तसं सांगायचे. ते विश्वास ठेवायचे.

आता ते सिनेमे मी एकटीच लावते. एकही प्रसंग पुढे ढकलत नाही. आवडतात मला, अगदी मनापासून, आणि ते सांगायला घरात कोणी नसतं.

बाबांच्या बाराव्याला विन्सीकाका आले होते. जेवले नाहीत. माझा हात हातात धरून म्हणाले, "शेवटी शेवटी डोकं साथ देईना गं त्याला. म्हणून मला टाळत होता. मला कळायचं."

मी म्हटलं, "हो काका. फार विसरायचे."