उजव्या हाताचा ब्रेक

टेंभुर्णीच्या रायभानची उजव्या हाताची दोन बोटं कडबाकुट्टीत गेली. पात्यात अडकलेली धाटं तो ओढत होता आणि धाकट्या भावानं, बिभीषणानं, न बघताच बटण दाबलं. गावात मात्र बिभीषणानं सांगितलं, "दादानंच चालू मशीनमध्ये हात घातला." आई तेव्हा होती. तिच्या डोळ्यांदेखत भांडण नको म्हणून रायभान गप्प राहिला. पुढं आई गेली, पण तोवर बिभीषणाचं बोलणंच गावाला खरं झालं होतं. रायभानला मेंढरं कातरायची कातर धरता येईना, ते काम सुटलं. तो लांबच्या शेतांवर पायी मजुरीला जाऊ लागला.

यंदा बिभीषण पंचायतीच्या निवडणुकीला उभा राहिला. चार माणसं आणि एक नवी कोरी सायकल घेऊन तो सकाळीच दारात आला. हँडलला हार घातलेला.

"दादा, पायी किती हिंडता? बसा, चक्कर मारून बघा."

रायभानला खरंच बरं वाटलं. सायकल हलकी पळत होती. देवळापुढच्या उतारावर त्यानं दोन्ही ब्रेक दाबले. डावा लागला. उजव्यावर उरलेली बोटं पोचली, पण दाब बसेना. मागचं चाक घासत गेलं आणि सायकल हौदाच्या कठड्याला धडकून थांबली. परत येताना त्यानं ती हातात धरूनच आणली.

"ब्रेक कसे हायेत?" बिभीषणानं विचारलं.

"डावा बराबर हाय. उजवा माझ्या कामाचा न्हाई."

"का? नवीनच तर हाय."

रायभाननं हात पुढं केला. बिभीषण बघत राहिला. "मला वाटलं, डावा हात गेल्ता."

रायभानची बायको जयवंताबाई उंबऱ्यातून म्हणाली, "भाऊजी, बटण तर तुम्हीच दाबल्तं."

"वहिनी, जुनं कशाला काढताय?"

"सायकल घेऊन जा," रायभान म्हणाला. "नुसतं या लोकांपुढं सांग, की चूक तुझी होती."

बिभीषण हसला. "मिस्त्रीला सांगतो, ब्रेक करून देईल," म्हणत तो सायकल तिथंच सोडून माणसांना घेऊन पुढच्या घराकडं वळला.

हरिओम मिस्त्रीनं दोन्ही ब्रेकच्या तारा डाव्या मुठीला जोडून दिल्या. सायकल भावाच्या दारात नेऊन टाकावी, असं रायभानच्या फार मनात होतं. पण शेतं लांब होती आणि गुडघे दुखत होते. तो ती वापरू लागला.

बिभीषण निवडून आला. रस्त्यात कुणी विचारायचं, "सायकल कुणी घेऊन दिली रे?"

"भावानं," रायभान सांगायचा.

"असा भाऊ मिळायला नशीब लागतं," म्हणत माणूस पुढं जायचा.