आबांचा नुकसानीचा अर्ज

जळगावच्या दवाखान्यातून फोन आला, तेव्हा मी भाकरी थापत होते. टेस्ट ट्यूबचा गर्भ याही खेपेला रुजला नव्हता. तिसरी खेप. मी थापतच राहिले. मेलं, रडायचं तरी कुणासाठी? जे कुणी पाहिलंच नाही, त्याचं सुतक नसतं, भेटायलाही कुणी येत नाही.

माझ्या सासऱ्यांना, आबांना, या उपचाराचं कधी वावडं नव्हतं. "केळीनं रोपबी बाटलीतच वाढस ना," म्हणायचे. चोपड्याकडे आमची टिश्यू कल्चरची केळी. वाऱ्याने बाग आडवी झाली की तीन दिवसांच्या आत विम्याला कळवायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच टोपी घालून तयार. "चल माय, बठ्ठा कागद ले. मुदत निघी जाई."

आमचा आरोग्य विमा नवऱ्याच्या धुळ्याच्या नोकरीतला. त्यात हे बसत नाही, मला पक्कं ठाऊक होतं. पण त्या माणसाला नाही कोण म्हणणार? गेले सगळे कागद घेऊन.

धुळ्याच्या ऑफिसातली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, वंध्यत्वाचे उपचार पॉलिसीत नाहीत. बाळंतपण आहे."

माझं डोकंच फिरलं. "अगं बाई, बाळंतपणाला आधी बाळ लागतं!"

आबा शांत होते. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. केळीच्या विम्याचा फॉर्म, त्यांच्या वाकड्या अक्षरात भरलेला. "पैसा नका द्या, पन नोंद ते करा. नुकसान ते नुकसानच शे."

तिने तो वाचला आणि माझ्या हातात दिला.

पिकाचं नाव: कोरं. कारण: माहीत नाही. काय नुकसान झालं: नातू किंवा नात, एक.

बसस्टँडवर मी भोकाड पसरलं. चारचौघांत, लाजलज्जा सोडून. आबांनी थांबवलं नाही, नुसते शेजारी बसून राहिले.

दवाखान्यात आमचा शेवटचा एक गर्भ अजून गोठवून ठेवलेला आहे. पुढच्या खेपेसाठी पैसे जमवतोय. हिवाळ्यात गारठा वाढला की आबा केळीला ऊब मिळावी म्हणून बागेत धूर करायला निघतात आणि दारातून हमखास विचारतात, "माय, त्याले थंडी ते नही लागस ना?"

"नाही हो आबा," मी म्हणते. खरं तर मलाही रोज कुणाला तरी हेच विचारायचं असतं.